घानाहून आलेला सेंटर फॉरवर्ड
(देऊळगाव राजा येथील स्मृती व्याख्यानमालेतील व्याख्यान)



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला भरते, त्यांनी या गावातल्या मुलांना मैदानाची ओढ लावली. त्यामुळे संयोजकांनी यंदा खेळावर बोला असं सुचवलं, तेव्हा मला आनंद झाला. कुस्ती, कबड्डी आणि क्रिकेट यांवर बोलणारे पुष्कळ आहेत. मी आज ज्या माणसापासून सुरुवात करणार आहे, त्याचं नाव इथल्या बहुतेकांनी ऐकलेलं नसेल. युसिफ याकुबू. देश घाना, पश्चिम आफ्रिका. धंदा फुटबॉल. कर्मभूमी गोवा आणि मुंबई.

2001-02 च्या मोसमात भारतातल्या सर्वोच्च फुटबॉल स्पर्धेत, म्हणजे तेव्हाच्या राष्ट्रीय फुटबॉल लीगमध्ये, सर्वाधिक 18 गोल याकुबूने केले. पुढच्या मोसमात पुन्हा तोच पहिला आला, 21 गोल करून. दोन्ही वेळा तो मडगावच्या चर्चिल ब्रदर्सकडून खेळत होता. आपल्या देशातला पहिल्या क्रमांकाचा गोल करणारा खेळाडू सलग दोन वर्षं आपल्या शेजारच्या गोव्यात राहत होता आणि मराठी वाचकाला त्याची जवळजवळ काहीच माहिती नव्हती. वर्तमानपत्राच्या क्रीडा पानावर खालच्या कोपऱ्यात दोन ओळी यायच्या, ‘याकुबूचे दोन गोल’. हा माणूस कुठून आला, कोणत्या अटींवर आला, इथून पुढे कुठे जाणार, हे कुणी विचारलं नाही. आज मला तेच विचारायचं आहे.

आफ्रिकेतून आलेला माणूस या मातीला नवा नाही. आपल्यापासून जवळ लखुजी जाधवरावांचं सिंदखेड राजा आहे. त्यांच्या काळात निजामशाहीचा सगळा डोलारा ज्याने तोलून धरला तो मलिक अंबर इथिओपियात जन्मला होता. लहानपणी गुलाम म्हणून विकला गेला, हातोहात फिरत दख्खनेत पोचला आणि राज्याचा वजीर झाला. खडकी हे शहर त्याने वसवलं, तेच पुढे औरंगाबाद झालं, आजचं छत्रपती संभाजीनगर. अंबर स्वतःच्या इच्छेने आला नव्हता, याकुबू करारावर सही करून आला. हा फरक फार मोठा आहे. पण दोघांनाही परक्या भूमीत रोज आपली किंमत सिद्ध करावी लागली, आणि परका माणूस कामाला आला की त्याला आपलं म्हणायचं आणि काम संपलं की विसरायचं, ही आपली जुनी सवय दोघांच्याही वाट्याला आली.

आता गोव्याकडे जाऊ. तिथला फुटबॉल गावागावांतल्या शेतांत आणि चर्चच्या पटांगणांत वाढला. मोठे क्लब मात्र धनिकांच्या पैशावर उभे राहिले. धेंपो आणि साळगावकर ही खाण उद्योगातली घराणी, चर्चिल ब्रदर्समागे राजकारणात असलेले चर्चिल आलेमाव आणि त्यांचे भाऊ. तिकीटविक्रीतून क्लब चालत नव्हते, मालकाच्या खिशातून चालत होते. अशा क्लबात परदेशी खेळाडू आणला की त्याच्याकडून मालकाची अपेक्षा एकच असते, गोल. मधल्या फळीत सुंदर पास देणारा भारतीय पोरगा परवडतो. परदेशी माणसाने मात्र चेंडू जाळ्यात घातलाच पाहिजे, नाही तर पुढच्या मोसमात दुसरा येतो.

याकुबू या अपेक्षेला पुरा पडला. तरीही त्या 18 गोलांच्या मोसमाचा शेवट पाहा. एप्रिल 2002, फातोर्ड्याचं स्टेडियम, लीगचा शेवटचा सामना चर्चिल ब्रदर्स विरुद्ध मोहन बागान. चर्चिलला घरच्या मैदानावर बरोबरी पुरेशी होती. मोहन बागानने सामना 1-0 असा जिंकला आणि विजेतेपद कोलकात्याला गेलं. देशात सर्वाधिक गोल करणारा खेळाडू त्या दिवशी उपविजेत्या संघात होता. अशा प्रसंगी स्थानिक खेळाडू गावात परततो, शेजारीपाजारी चार दिवस दुःख वाटून घेतात. परदेशी खेळाडू भाड्याच्या फ्लॅटवर परततो आणि पुढचा करार होईल की नाही याचा विचार करत बसतो.

त्याला करार मिळाला. काही वर्षांनी तो मुंबईत महिंद्रा युनायटेडकडून खेळू लागला. 2005-06 मध्ये महिंद्राने राष्ट्रीय लीग जिंकली. मुंबईच्या क्लबाने ही लीग जिंकण्याची ती पहिली वेळ. प्रशिक्षक गोव्याचे डेरिक परेरा, आघाडीला याकुबू आणि ब्राझीलचा होजे बारेटो, बगलेवर मुंबईचा स्टीव्हन डायस. कूपरेजच्या त्या छोट्या मैदानावर, मंत्रालयापासून हाकेच्या अंतरावर, महाराष्ट्रात देशाचं फुटबॉल विजेतेपद आलं आणि त्याची मिरवणूक निघाल्याचं कुणाला आठवत नाही. मला याचं आजही वाईट वाटतं. क्रिकेटचा एखादा साधा सामना जिंकला तरी फटाके वाजवणाऱ्या शहराने हे यश शेजारच्या गल्लीतलं लग्न असावं तसं ऐकून सोडून दिलं.

2010 मध्ये महिंद्राने संघच बंद केला. नामांकित उद्योगसमूहाचा, चषक जिंकलेला, व्यवस्थित चालणारा संघ एका निर्णयाने संपला. भारतीय खेळाडूंना नोकऱ्या, दुसरे क्लब, घर असे काही आधार होते. परदेशी खेळाडूचा रोजगाराचा व्हिसा ज्या मालकाच्या नावावर असतो, तो मालकच उरला नाही तर या देशात राहण्याचा त्याचा हक्कसुद्धा डळमळतो. याकुबू कोलकात्याच्या ईस्ट बंगालकडूनही खेळला आणि पस्तिशी ओलांडल्यावर मुंबई एफसीच्या जर्सीत दिसला. खालिद जमील प्रशिक्षक होते. कूपरेज दुरुस्तीला गेलेलं असल्यामुळे मुंबईचा हा संघ आपले घरचे सामने पुण्याला बालेवाडीत खेळायचा. रिकाम्या खुर्च्या, दुपारचं ऊन, आणि सेंटर फॉरवर्डच्या जागी आपल्याहून पंधरा वर्षांनी लहान बचावपटूंशी खांदा भिडवणारा हा घानाचा माणूस. पुढे मुंबई एफसीही बंद पडला.

हा एक खेळाडू भारतात ज्यांच्याकडून खेळला, त्यांतल्या दोन क्लबांचं अस्तित्व संपलं. ही गोष्ट मी मुद्दाम ठासून सांगतो. परदेशात खेळणाऱ्याची कारकीर्द आपण गोलांच्या आकड्यांत मोजतो. तिचा खरा पाया करार हा असतो: तो किती महिन्यांचा आहे, दुखापत झाली तर पगार चालू राहतो का, क्लब बुडाला तर थकबाकी कोण देणार, परतीचं विमानभाडं कुणाचं, एजंट किती कापून घेणार. मैदानावरची नव्वद मिनिटं या कागदावर उभी असतात.

याकुबू एकटा नव्हता. त्याच्या आधी 1998-99 मध्ये घानाचाच फिलिप मेन्सा याच चर्चिल ब्रदर्सकडून 11 गोल करून लीगमध्ये पहिला आला होता. 2003 च्या जुलैमध्ये ईस्ट बंगालने जकार्तात आसियान क्लब चषक जिंकला. भारतीय क्लबाने परदेशात मिळवलेल्या मोठ्या यशांत त्याची गणना होते. त्या संघाच्या बचावफळीचा कणा होता घानाचा सुले मुसा. अंतिम सामन्यात थायलंडच्या बीईसी तेरो सासाना संघाला 3-1 असं हरवलं. 2020-21 मध्ये गोकुलम केरळने राष्ट्रीय लीगच्या जागी आलेली आय-लीग जिंकली, केरळच्या क्लबाला ती पहिल्यांदाच मिळाली. त्या संघाच्या बचावात घानाचा मुहम्मद अवल होता आणि आघाडीवर घानाचाच डेनिस अँटवी.

इथे एक आक्षेप नेहमी येतो आणि तो टाळून पुढे जाणं बरोबर नाही. परदेशी सेंटर फॉरवर्ड आणल्यामुळे भारतीय सेंटर फॉरवर्ड तयार होत नाहीत, असं म्हणतात. आकडे या म्हणण्याच्या बाजूने आहेत. 1998-99 पासून 2006-07 पर्यंत राष्ट्रीय लीगच्या सलग नऊ मोसमांत सर्वाधिक गोल करणारा खेळाडू परदेशी होता. बायचुंग भुतिया आणि सुनील छेत्री यांच्यासारखे अपवाद सोडले, तर आपले आघाडीचे खेळाडू बगलेवर ढकलले गेले किंवा बाकावर बसले. नुकसान झालं, हे मी मान्य करतो. दोष मात्र मालकांचा आणि भारतीय फुटबॉल महासंघाचा आहे. ज्यांनी दहा वर्षांच्या मुलापासून प्रशिक्षणाची साखळी बांधायची होती, त्यांनी तयार माल विकत घेतला. पोट भरायला आलेल्या माणसावर याचं खापर फोडणं अन्याय्य आहे.

हा तयार माल कुठून येतो हे पाहायचं असेल तर जरा मागे जावं लागेल, आणि ती वाट आपल्याच जिल्ह्यातून जाते. 1870 मध्ये खामगावला जलंबहून रेल्वेचा फाटा आला तो कापसासाठी. वऱ्हाडचा कापूस मुंबई बंदरातून लँकेशायरच्या गिरण्यांत जायचा. त्याच लँकेशायरमधलं प्रेस्टन हे गिरण्यांचं शहर, आणि 1886-87 मध्ये तिथल्या प्रेस्टन नॉर्थ एंड संघाचा गोलरक्षक होता आर्थर व्हार्टन. जन्म 1865, अक्रा, म्हणजे आजच्या घानाची राजधानी. वडील मिशनरी. मुलगाही मिशनरी व्हावा म्हणून त्याला इंग्लंडला शिकायला पाठवलं, पण मुलगा धावू लागला. 1886 मध्ये त्याने लंडनला इंग्लंडच्या राष्ट्रीय स्पर्धेत 100 यार्ड दहा सेकंदांत पार केले. नंतर रॉदरहॅम टाउनशी करार करून तो व्यावसायिक झाला. जगातला पहिला कृष्णवर्णीय व्यावसायिक फुटबॉलपटू म्हणून आज इतिहास त्याला ओळखतो.

त्याचा शेवट सांगतो. खेळ संपल्यावर व्हार्टन कोळशाच्या खाणीत मजूर झाला. 1930 च्या डिसेंबरमध्ये डॉनकास्टरजवळ तो गरिबीत वारला आणि त्याच्या कबरीवर दगडसुद्धा नव्हता. तो बसवला गेला 1997 मध्ये, सदुसष्ट वर्षांनी, वंशद्वेषाविरुद्ध काम करणाऱ्या शेफील्डच्या कार्यकर्त्यांच्या प्रयत्नाने. 2014 मध्ये इंग्लंडच्या राष्ट्रीय फुटबॉल केंद्रात त्याचा पुतळा उभा राहिला. घानाच्या पहिल्या परदेशी व्यावसायिकाची कारकीर्द ही अशी. खामगावचा कापूस कच्चा जायचा आणि त्याचं कापड होऊन जी किंमत वाढायची ती लँकेशायरमध्ये राहायची. घानाचा कोको आजही बराचसा असाच जातो आणि घानाचा फुटबॉलपटूही दीर्घकाळ असाच गेला.

6 मार्च 1957 रोजी घाना स्वतंत्र झाला. पंतप्रधान क्वामे एन्क्रुमा यांना फुटबॉलचं महत्त्व नेमकं कळलं होतं. राष्ट्रीय संघाला ‘ब्लॅक स्टार्स’ हे नाव मिळालं. 1963 आणि 1965 मध्ये घानाने आफ्रिकेचा राष्ट्रचषक जिंकला. या दोन्ही संघांचे प्रशिक्षक सी. के. जामफी. हेच जामफी 1960 मध्ये जर्मनीत फोर्टुना ड्युसेलडॉर्फकडून खेळले होते आणि खेळाडू म्हणून परदेशात जे शिकले ते घेऊन घरी परतले होते. 1982 मध्ये त्यांच्या हाताखालचा तिसरा चषकही आला. माझ्या मते परदेशी कारकिर्दीचा सर्वांत चांगला उपयोग जामफींनी करून दाखवला. माणूस बाहेर गेला, विद्या घेऊन आला आणि देशाला दिली.

ही वाट मात्र पुढे अरुंद होत गेली. ऐंशीच्या दशकात घानाची अर्थव्यवस्था कोलमडली. 1983 मध्ये नायजेरियाने लाखो घानावासीयांना देशाबाहेर काढलं. अशा काळात वाढलेल्या मुलाला परदेशी क्लब म्हणजे घरातल्या सगळ्यांचं पोट असं दिसू लागलं. अबेदी पेले फ्रान्समध्ये खेळला आणि 1993 मध्ये मार्सेयसोबत युरोपचा विजेता झाला. मायकेल एसियन आणि असामोआ ग्यान अक्रातल्या लिबर्टी प्रोफेशनल्स या छोट्या क्लबातून निघाले आणि एसियनसाठी 2005 मध्ये चेल्सीने दोन कोटी चाळीस लाख पौंडांहून जास्त रक्कम मोजली. हे आकडे अक्राच्या गल्लीत पोचले तेव्हा तिथल्या प्रत्येक आईबापाने आपल्या मुलाच्या पायांकडे नव्या नजरेने पाहिलं.

आणि मग दलाल आले. ‘युरोपात चाचणीसाठी नेतो, कागदपत्रांचा खर्च द्या.’ कुटुंबांनी जमीन विकली, दागिने विकले, कर्ज काढलं. मुलाला पॅरिस किंवा आणखी कुठल्या शहरात नेऊन सोडून दिलं, पासपोर्ट दलालाकडे, क्लब कुठेच नाही. अशा बेवारस झालेल्या आफ्रिकी मुलांसाठी 2000 मध्ये पॅरिसमध्ये ‘फूट सॉलिडेर’ ही संस्था ज्यां-क्लोद म्बुमीं या कॅमेरूनच्या माजी खेळाडूने काढली. 2001 पासून फिफाने अठरा वर्षांखालील मुलांच्या आंतरराष्ट्रीय बदल्यांवर, ठरावीक अपवाद वगळता, बंदी घातली. बंदीने फसवणूक थांबली नाही, पण तिला बेकायदा म्हणता येऊ लागलं, आणि ही गोष्ट लहान नाही.

याच्या उलट बाजूही आहे. 1999 मध्ये अक्रात ‘राइट टू ड्रीम’ ही अकादमी सुरू झाली. इथे मुलाला शाळा आणि फुटबॉल दोन्ही मिळतं. 2015 मध्ये या अकादमीने डेन्मार्कचा नॉर्शेलँड हा क्लबच ताब्यात घेतला, म्हणजे घानात शिकलेला मुलगा अठरा पूर्ण झाल्यावर आपल्याच संस्थेच्या युरोपीय संघात जाऊ लागला. अक्राच्या निमा वस्तीतला मोहम्मद कुडुस या मार्गाने 2018 मध्ये डेन्मार्कला गेला, तिथून आयाक्स, मग वेस्ट हॅम, आणि 2025 मध्ये टॉटनहॅम. दलालाच्या हाती सापडलेला मुलगा आणि कुडुस यांच्या गुणांत फरक असेलही. मला त्यांच्या कागदपत्रांतला फरक जास्त महत्त्वाचा वाटतो.

ग्यानचं नाव आत्ताच घेतलं. 2 जुलै 2010, जोहान्सबर्ग, विश्वचषकाची उपांत्यपूर्व फेरी, घाना विरुद्ध उरुग्वे. जादा वेळेचा शेवटचा क्षण. गोलात जाणारा चेंडू उरुग्वेच्या सुआरेझने हाताने अडवला. पेनल्टी. ती गोलात गेली असती तर विश्वचषकाच्या उपांत्य फेरीत पोचणारा घाना हा पहिला आफ्रिकी देश ठरला असता. ग्यानने मारलेला चेंडू आडव्या खांबाला लागून वर गेला. लगेच काही मिनिटांत टायब्रेकर सुरू झाला आणि घानाची पहिली किक घ्यायला पुन्हा ग्यानच पुढे आला, आणि त्याने गोल केला. घाना हरला. पण ज्याने अख्ख्या खंडाचं स्वप्न खांबावर आपटताना पाहिलं होतं तो माणूस त्याच जागी परत जाऊन उभा राहिला, हे धैर्य मी खेळाच्या इतिहासात फार थोड्या ठिकाणी पाहिलं आहे.

हाच ग्यान 2019 मध्ये आपल्याकडे आला, गुवाहाटीच्या नॉर्थईस्ट युनायटेडकडे. घानासाठी 51 गोल, विश्वचषकात सहा गोल, जे तोवर कुठल्याही आफ्रिकी खेळाडूचे सर्वाधिक होते. इटली, फ्रान्स, इंग्लंड, अबुधाबी प्रांतातलं अल ऐन, शांघाय, तुर्कस्तान असा प्रवास करून तो भारतात पोचला तेव्हा वय चौतिशीकडे झुकलं होतं. दुखापतींमुळे मोसम संपायच्या आधीच त्याला परतावं लागलं. याकुबूने तारुण्य भारतात घालवलं, ग्यानने कारकिर्दीची संध्याकाळ. आपल्या वर्तमानपत्रांत ग्यानला मिळालेली जागा याकुबूच्या दहा वर्षांहून जास्त होती. माझा कौल याकुबूच्या बाजूने आहे. पाहुणा म्हणून येणं सोपं असतं, मोसमामागून मोसम इथल्या उन्हात, इथल्या खडबडीत मैदानांवर टिकून राहणं अवघड.

ख्रिस्तियन आत्सूबद्दल बोलल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. समुद्रकाठच्या आडा फोआह गावचा हा मुलगा पोर्तो, चेल्सी, न्यूकॅसल असं करत 2022 मध्ये तुर्कस्तानात हातायस्पोर संघात गेला. मिळकतीतला वाटा तो घरी पाठवायचा. घानात किरकोळ चोरीसाठी, दंड भरायला पैसे नाहीत म्हणून तुरुंगात खितपत पडलेल्या लोकांचे दंड भरून त्याने त्यांना सोडवलं. मुलांसाठी शाळा बांधायला घेतली होती. 5 फेब्रुवारी 2023 च्या सामन्यात त्याने भरपाईच्या वेळेत फ्री किकवर विजयी गोल केला. त्या रात्री त्याचं विमानाने जायचं ठरलं होतं. ते त्याने रद्द केलं, असं क्लबच्या अधिकाऱ्यांनी नंतर सांगितलं. पहाटे भूकंप झाला. तो राहत होता ती इमारत कोसळली. 18 फेब्रुवारीला त्याचा मृतदेह सापडला. वय 31. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये घानाचा राफाएल ड्वामेना अल्बेनियात भर सामन्यात कोसळला आणि वारला. त्याच्या हृदयाचा आजार आधीपासून माहीत होता. आपल्याकडे 5 डिसेंबर 2004 रोजी बेंगळुरूत फेडरेशन चषकाच्या अंतिम सामन्यात धेंपो संघाचा ब्राझिलियन खेळाडू क्रिस्तियानो ज्युनियर मैदानावरच गेला. आदल्या मोसमात, ईस्ट बंगालकडून खेळताना, तोच लीगमध्ये सर्वाधिक गोल करणारा होता. मायभूमीपासून हजारो मैल दूर राबणाऱ्या या माणसांच्या घरी येणारी बातमी फोनवर येते.

जे जिवंत आहेत त्यांना आपण कसं वागवतो? मार्च 2024 मध्ये केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यात अरीकोड इथे सेव्हन्स, म्हणजे सात-सात खेळाडूंचं फुटबॉल खेळायला आलेल्या आयव्हरी कोस्टच्या एका खेळाडूला प्रेक्षकांनी मारहाण केली. त्याने वांशिक शिव्यांची तक्रार पोलिसांत दिली. दिल्लीजवळ ग्रेटर नोएडात 2017 मध्ये आफ्रिकी विद्यार्थ्यांवर जमाव तुटून पडला होता. हे हल्ले करणारी आपलीच माणसं आहेत. रंगावरून हिणवलं जाण्याचं दुःख परदेशात गेलेल्या भारतीयाला कळतं. घरी राहिलेल्याला ते कळत नसेल तर ते शिकावं लागेल. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर तालीम मंडळांच्या सामन्यात आफ्रिकी खेळाडू उतरतात तेव्हा गॅलरीतून त्यांच्या नावाने जयघोष होतो, हेही खरं आहे. तो जयघोष हरल्यावरही टिकला पाहिजे, एवढंच माझं म्हणणं.

आता आपल्या मुलांकडे येतो. पहाटे देऊळगाव राजाहून निघणाऱ्या कुठल्याही रस्त्यावर पोलीस भरतीसाठी धावणारी मुलं-मुली दिसतात. त्यांच्यासाठी पाय हे नोकरीचं साधन आहे. अक्रातल्या मुलासाठीही तसंच. हे कमीपणाचं नाही, यात मोठी जिद्द आहे. 12 ऑक्टोबर 2017 रोजी दिल्लीत सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारत आणि घाना समोरासमोर आले. घाना 4-0 ने जिंकला, त्यातले दोन गोल एरिक आयियाचे. भारताच्या त्या चमूत कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता, रिक्षाचालक वडिलांचा मुलगा, पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत घडलेला. सहा दिवसांनी घानाचा हाच संघ नवी मुंबईत नायजरला 2-0 ने हरवून पुढे गेला. दोन्हीकडची मुलं एकाच वयाची, घरची परिस्थितीही फार वेगळी नाही. फरक होता तो मागच्या दहा वर्षांत मिळालेल्या सामन्यांच्या संख्येचा. आणि लहान गावातून मोठा खेळाडू होत नाही, असं कुणी म्हणत असेल तर आपल्या बुलढाण्याचा तिरंदाज प्रथमेश जावकर याने 2023 मध्ये शांघायच्या विश्वचषक स्पर्धेत जगातल्या अव्वल तिरंदाजाला, माईक श्लोसरला, हरवून सुवर्णपदक जिंकलं, हे त्याला सांगा.

शेवटी एक अगदी व्यवहाराची गोष्ट, आणि ती पालकांनी व क्रीडाशिक्षकांनी लक्षात ठेवावी. फिफाच्या नियमानुसार खेळाडूची एका देशातून दुसऱ्या देशात पैसे देऊन बदली होते, तेव्हा त्या रकमेतले 5 टक्के त्याला बाराव्या ते तेविसाव्या वर्षांदरम्यान घडवणाऱ्या क्लबांत वाटले जातात. बारा ते पंधरा या वयातल्या प्रत्येक वर्षासाठी पाव टक्का, पुढच्या प्रत्येक वर्षासाठी अर्धा टक्का. म्हणजे एखाद्या खेळाडूसाठी एक कोटी रुपये मोजले गेले, तर तो तेराव्या वर्षी ज्या गावच्या क्लबात वर्षभर खेळला त्याला पंचवीस हजार मिळू शकतात. छोट्या क्लबासाठी तेवढ्यात वर्षभराचे चेंडू आणि जाळी येते. घानातले छोटे क्लब या वाट्यासाठी झगडतात. पण हक्क सांगायचा तर त्या क्लबाची आणि त्या मुलाची नोंद असावी लागते. आपल्याकडे अखिल भारतीय फुटबॉल महासंघाची मध्यवर्ती नोंदणी पद्धत आहे. तालुक्यातल्या किती मुलांची नोंद तिच्यात आहे, हे इथल्या क्लबांनी तपासावं.

2025 च्या जुलैत इंडियन सुपर लीगचा नवा मोसम व्यावसायिक हक्कांच्या करारावरून लांबणीवर पडला आणि काही क्लबांनी खेळाडूंचे पगार थांबवले. देशातली सर्वांत मोठी लीगसुद्धा कागदावर उभी असते, हे तेव्हा सगळ्यांना दिसलं. म्हणून या सभागृहातल्या प्रत्येक आईबापाला माझी विनंती आहे. तुमच्या मुला-मुलीला खेळू द्या, पूर्ण जोमाने खेळू द्या. कुणी पुण्याला, गोव्याला किंवा परदेशात चाचणीला नेतो म्हणाला, तर आधी क्लबाचं लेखी पत्र मागा, जिल्हा संघटनेकडे त्याची खातरजमा करा आणि मुलाचा पासपोर्ट कुणाच्याही हाती देऊ नका. शाळा सुटू देऊ नका. आणि करारावर सही करण्याआधी तो एकदा वकिलाकडून वाचून घ्या.